मैदानावरचा साउंड: दुपारचं सेटिंग रात्री चालत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण साउंडवाल्यानं विचारलंय: "माझ्याकडं चार टॉप, चार बेस आणि सोळा चॅनेलचा मिक्सर आहे. लग्नं, सप्ताह, गणपती अशी कामं करतो. फेब्रुवारीत गावाबाहेरच्या मैदानावर दोन रात्रींचा संगीत महोत्सव आहे. साडेतीन-चार हजार लोक येतील म्हणतात. कन्नड-मराठी दोन्ही कलाकार आहेत. किती हजार वॅट लागतील? आणि हॉलपेक्षा यात अवघड असं नेमकं काय असतं?"

वॅटचं आधी उरकून टाकू, कारण आयोजकही तेच विचारणार. आपल्या भागात साउंडवाल्याची पत मिरवणुकीतल्या बेसच्या भिंतीवरून ठरते. किती डबे लावलेत ते लोक मोजतात, काय ऐकू आलं ते कुणी विचारत नाही. पण वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला 'दुप्पट झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उघड्यावर मात्र अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल सरळ जातात, कारण आवाज परतवायला भिंतीही नाहीत आणि छतही नाही. टॉपपासून, म्हणजे मधल्या-वरच्या सुरांच्या डब्यापासून, १० मीटरवर १०० डेसिबल असतील तर २० मीटरवर ९४, ४० वर ८८, ८० वर ८२. मागच्या माणसासाठी पुढं डबे रचत बसलात तर पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं कानावर हात ठेवून उठतील, आणि मागून "काय बी ऐकू येईना वो" हे यायचं ते येणारच.

तेव्हा वॅटचा आकडा सोडा, टॉपची उंची आणि तोंड कुठं आहे ते बघा. टॉप बेसवर ठेवून मोकळं व्हायची सवय मैदानावर मोडावी लागते. वरचे सूर माणसांच्या डोक्यात आणि कपड्यांत शोषले जातात, चौथ्या-पाचव्या रांगेनंतर शब्द हरवतो. टॉप टॉवरवर किंवा ट्रसवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर, चढवा आणि तोंड थोडं खाली झुकवून मैदानाच्या मागच्या तिसऱ्या हिश्शाकडं करा. तुमचे चार टॉप पुढं पुरणार नाहीत, पण ते फुकट जाणार नाहीत. मुख्य सिस्टीम कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्याकडून भाड्यानं आणा, आणि तुमचे टॉप ५०-६० मीटरवर डिले टॉवर म्हणून वापरा, म्हणजे मागच्यांसाठी मधेच उभे केलेले स्पीकर, ज्यांचा आवाज स्टेजचा आवाज तिथं पोचेपर्यंत थोडा थांबवून सोडायचा.

आता तुमचा खरा प्रश्न. हॉलमध्ये दुपारी साउंड चेक केला की रात्री तोच हॉल असतो. मैदानावर दुपारी चारला जे पक्कं केलं त्यातलं रात्री नऊला जवळजवळ काहीच खरं राहत नाही. हवा बदलते, वीज बदलते, मोकळ्या मातीच्या जागी माणसं बसतात, आणि कार्यक्रमपत्रिका तर सहाच्या आधीच बदललेली असते. आपलं निम्मं काम म्हणजे या बदलाला आधीच जागा करून ठेवणं. मिक्सिंग त्यामानानं सोपं.

हवेपासून सुरू करतो, कारण नवीन पोरांना ती दिसतच नाही. फेब्रुवारीत आपल्याकडं दुपारी तीस अंशांच्या वर जातं आणि रात्री पंधरा-सोळापर्यंत उतरतं. तीस अंशांना आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो, पंधराला ३४०. डिले टॉवर ६० मीटरवर असेल तर दुपारी १७२ मिलिसेकंद लावाल, रात्री तिथं १७६ हवेत. चार-साडेचार मिलिसेकंदांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण टॉवरजवळ उभं राहिलं की शब्दाला दुहेरी कड आल्यासारखी वाटते. म्हणून सूर्य बुडाल्यावर एकदा आणि नऊच्या सुमारास एकदा थर्मामीटर बघून डिले पुन्हा लावा. मी मोजलेल्या वेळेवर आणखी दहा-एक मिलिसेकंद घालतो. मग कानाला आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं, शेजारच्या खांबावरून नाही.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे ओलावा. कोरडी हवा वरचे सूर खाते. तापमान पंधरा अंश धरलं, तर ८ हजार हर्ट्झच्या सुराचे २० टक्के आर्द्रतेत दर शंभर मीटरला सुमारे २० डेसिबल हवेतच जातात, आणि ८० टक्क्यांत फक्त ८. आता आपला दिवस आठवा. दुपारी हवा कोरडी ठण्ण, ओठ फुटतात. तुम्ही मैदानाच्या मागं जाऊन ऐकता, आवाज मळकट वाटतो, म्हणून ट्रेबल चढवता. रात्री दव पडायला लागतं आणि तेच चढवलेलं ट्रेबल टाळ-झांजांमधून सुईसारखं टोचायला लागतं. शिवाय स्टेजवरचा प्रत्येक मॉनिटर, म्हणजे कलाकाराकडं तोंड केलेला स्पीकर, शिट्टी मारायच्या बेतात. दुपारी मागं थोडं मळकट राहिलं तरी राहू द्या. रात्र ते उजळून देते.

वारा आला की वरचे सूर लाटांसारखे येतात-जातात. त्यांच्या मागं इक्वलायझर घेऊन पळायचं नाही. झुळूक गेली की तुम्ही केलेला बदलच चूक ठरतो. बेळगावचा संध्याकाळचा पश्चिमेचा वारा आपल्याला नवा नाही, म्हणून आयोजकानं स्टेजची जागा ठरवायच्या आत त्याला गाठा. वाऱ्याच्या दिशेनं जाणारा आवाज खाली वळतो आणि लांब जातो, वाऱ्याविरुद्धचा वर उचलला जातो. स्टेज पश्चिमेला पाठ करून असलं तर वारा तुमच्या बाजूनं राहतो. बहुतेक वेळा मात्र स्टेजची जागा पाहुण्यांच्या गाड्या कुठं थांबणार यावरून ठरलेली असते. मग आपण आपलं डोकं शांत ठेवायचं.

दिवसा तापलेल्या जमिनीजवळची हवा गरम असते, तिथून आवाज वर वळतो. रात्री जमीन आधी गार होते, वरची हवा उबदार राहते, आणि आवाज खाली वळून जमिनीला धरून पळतो. दुपारी पलीकडच्या वाडीत काहीही ऐकू येत नाही आणि रात्री तिथल्या लोकांचे फोन यायला लागतात ते यामुळं. तुम्ही आवाज वाढवलेला नसतो. शेजारच्या गावाला मात्र ते पटत नाही.

इथं कायदाही लक्षात घ्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सांस्कृतिक-धार्मिक कार्यक्रमांना राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ती सूट तुमच्या तारखांना आहे का, हे परवानगीच्या कागदावर बघा, आयोजकाच्या तोंडावर जाऊ नका. मैदानाच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. राहत्या वस्तीला दिवसाची पातळी ५५ आहे, म्हणजे तिथं हद्द ६५ वरच संपते. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं.

हे सांभाळायचा मार्ग बेसच्या मांडणीत आहे. टॉपचं तोंड फिरवता येतं, बेस चहूकडं पसरतो. तीन बेस एकावर एक ठेवून त्यातल्या एकाचं तोंड मागं करा, त्याची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करून डिले द्या, की स्टेजमागचा आवाज बराच कापला जातो. कंपनीचा तयार प्रीसेट असला तर तोच घ्या, अंदाजानं आकडे टाकू नका. यात स्टेजवरची धम्मधम्मही कमी होते, आणि गायकाच्या माईकमध्ये कमी बेस शिरला की तुमचं निम्मं भांडण मिटतं. डावी-उजवीकडं बेसचे दोन ढीग लावण्यापेक्षा स्टेजपुढं एका ओळीत लावले तर मैदानभर समान पसरतात. तिथं पाहुण्यांचे सोफे येतात. सोफे चार मीटर मागं सरकवायचं आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी कुणी सरकवत नाही.

विजेबाबत मी फार हट्टी आहे. साउंडला वेगळा जनरेटर. लाईट, एलईडी पडदा, खाद्यपदार्थांचे स्टॉल हे सगळं दुसऱ्यावर. हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, तात्पुरतं कनेक्शन आयोजकानं घेतलं असेल तर त्यावर स्टॉल आणि पार्किंगचे दिवे चालवा. शेतीपंपांच्या वेळा आणि गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा भार तुमच्या हातात नाही. चार हजार लोकांच्या साउंडला ६२.५ केव्हीएचा संच सहसा पुरतो. ४१५ व्होल्टला तो फेजमागं सुमारे ८७ अँपिअर देतो. ॲम्प्लिफायरवर लिहिलेल्या वॅटची बेरीज करून घाबरू नका, संगीत सलग पूर्ण ताकद ओढत नाही. माहितीपत्रकात १/८ पॉवरवरचा, म्हणजे पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावरचा, करंट दिलेला असतो, हिशोब त्याचा करायचा.

जनरेटर सुरू झाला की मिक्सरची पिन लावायच्या आधी मीटर हातात घ्या. तिन्ही फेज न्यूट्रलशी एकेक करून मोजा, २२५ ते २४० च्या आसपास हवेत आणि तिन्ही जवळजवळ सारखे. मग फेज ते फेज, ४०० च्या आसपास. मग न्यूट्रल ते अर्थिंग, व्होल्ट-दोन व्होल्ट. तिन्ही फेजमध्ये एक १९० आणि दुसरा २६० दिसला तर न्यूट्रल कुठंतरी सैल आहे, काहीही जोडू नका. न्यूट्रल पूर्ण सुटला तर २३० च्या यंत्राला ४०० च्या जवळ बसू शकतात, आणि मिक्सर, ॲम्प्लिफायर, कीबोर्ड एका झटक्यात जातात. जनरेटरवाला म्हणेल, "काल लग्नाला हाच होता की, काय झालं नाही." त्याला चहा पाजा आणि स्क्रू आवळून घ्या. लाईटवाले पूर्ण भार टाकतील तेव्हा, म्हणजे अंधार पडल्यावर, हे सगळं पुन्हा मोजा.

अर्थिंगला तुमच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात त्रास होतो. खाली जांभा लागला की रॉड पुढं जात नाही. जागा बदलून खोल जाईल तिथं दोन-तीन रॉड लांब-लांब ठोका, एकमेकांना जोडा, मिठाचं पाणी ओता, आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पुन्हा पाणी घाला. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत हेच काम पाच मिनिटांचं आहे. आणि स्पीकरमधून हम (घूं असा आवाज) येतो म्हणून अर्थिंगची पिन तोडणारा कुणी हेल्पर असेल तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा. ओल्या गवतावर उभा असलेला गायक लोखंडी माईकला ओठ लावतो.

मिक्सर स्टेजपुढं मध्याच्या जरा बाजूला, पुढून साधारण दोन तृतीयांश अंतरावर घ्या, आणि वर मांडव घालून घ्या. उन्हात ठेवलेला डिजिटल मिक्सर पडदा काळा करून बसतो. बऱ्याच मिक्सरची मर्यादा ४० अंशच असते, आणि उन्हातला पत्रा त्याच्या कितीतरी पुढं जातो. रात्री दवासाठी ताडपत्री, दिवसभर लाल धुळीसाठी ओढणीसारखं पातळ कापड. स्टेजपर्यंत नेटवर्क केबल शंभर मीटरच्या आत ठेवा, आणि दुसरी केबल मैदानाच्या दुसऱ्या बाजूनं टाका. एकावरून पाण्याचा टँकर जाणारच आहे. वायरलेस माईक एलईडी पडदा चालू करून तपासा. पडद्याचा गोंगाट त्याच लहरींवर येतो, आणि पडदा बहुधा सहा वाजता लावतात.

आता कलाकारांकडं येतो. सीमेवरच्या महोत्सवात एका संध्याकाळी भजनी मंडळ, करडी मजल हे लोकवाद्यांचं पथक, यल्लम्माची गाणी म्हणणाऱ्या जोगतिणी, मग शहरातून आलेला ऑर्केस्ट्रा, असं सगळं येतं. परदेशी पुस्तकांत ड्रमसेटला माईक कुठं लावायचा यावर पानंच्या पानं आहेत, चौंडक्यावर एक ओळ नाही. चौंडकं वाजवणारी बाई ते काखेत दाबते, तार ओढत सूर वर-खाली करते आणि गात गात फिरते. स्टँडवरचा माईक तिथं निरुपयोगी आहे. छोटा क्लिप माईक उघड्या तोंडाच्या कडेला लावा, वायर तिच्या पदरात अडकणार नाही अशी खांद्यावरून मागं घ्या, आणि हे सगळं करायच्या आधी तिला विचारा. वाद्याला देवीचा मान आहे, हेल्परनं न विचारता हात घालायचा नाही.

संबळाला दोन माईक. बारक्याचा आवाज भेदक असतो, त्याला थोडं लांबून आणि तिरका. मोठ्याला जवळून, कारण त्याचा घुमार वाऱ्यात विरतो. हलगीला स्वतःचाच आवाज पुरतो, हातभर अंतरावरून घ्या, नाहीतर पहिल्याच थापेला चॅनेल लाल होतो. करडी मजलच्या प्रत्येक वाद्याला माईक लावत बसू नका. समोर दोन आणि मोठ्या ढोलाजवळ एक, बाकी वादकांचं ताल धरणंच तुमचं काम करतं.

भजनी मंडळ सोपं वाटतं आणि सगळ्यांत जास्त घाम काढतं. वीस जणांच्या हातात टाळ, मध्ये पेटी आणि पखवाज. टाळांसाठी माईक उघडायचाच नाही, ते सगळ्या माईकांत फुकट शिरतात. बुवांचा माईक तोंडाला अगदी जवळ. ते लाजून मान मागं घेतात, म्हणून माईकचा कोन खालून वर. पेटीचा आवाज वरून आणि मागून येतो, पुढून फक्त भात्याची हवा. मागं साथ धरणाऱ्यांना एकच माईक असला तर त्यांना अर्धवर्तुळात बसवा, नाहीतर ज्याचा गळा मोठा तोच मैदानभर ऐकू येतो.

आणि भाषणं. यावर कुणी लिहीत नाही, पण आयोजक तुम्हाला पुढच्या वर्षी बोलावणार की नाही ते व्यासपीठावरच्या माईकवर ठरतं. पोडियमवर दोन माईक असतील तर एकच चालू ठेवा, दुसरा राखीव. दोन्ही उघडे असले की वक्ता मान वळवेल तसा आवाज पोकळ होतो. खालचे सूर कापा. निवेदन कन्नडमध्ये आणि मराठीत होणार, निवेदक दोन, उंची आणि गळा वेगळा, तर दोघांना वेगळा चॅनेल द्या. एकाच माईकवर दोघांना बसवून दर वेळी फेडर हलवण्यात हात अडकतो.

दोन कलाकारांमधली पंधरा मिनिटं हा सगळ्यात जास्त चुका होण्याचा वेळ. आठवडाभर आधी प्रत्येकाकडून काय वाजवणार त्याची यादी घ्या. ऑर्केस्ट्रावाले पाठवतात, लोककलाकारांना फोन करून विचारावं लागतं. साउंड चेक उलट्या क्रमानं करा: सर्वांत शेवटी वाजवणारे आधी, पहिले वाजवणारे शेवटी. मग पहिल्यांचं सामान जागेवरच राहतं. प्रत्येकाचं सेटिंग साठवा, पण साठवलेल्या सेटिंगमधला मुख्य आउटपुट आणि डिले लॉक करा, नाहीतर दुपारचं ट्रेबल रात्री परत येतं. एक वाद्यांच्या माईकांचा संच स्टेजवर, दुसरा मागं तयार, वायरीवर रंगीत पट्ट्या. चालू कार्यक्रमात पुढचे माईक हेडफोनवर ऐकून घ्या. पाहुणे दोन तास उशिरा आले तर वेळ कलाकारांच्या तासातून कापला जातो. अशा वेळी चाळीस चॅनेलचा ऑर्केस्ट्रा चोवीसवर कसा उतरवायचा ते कागदावर आधीच लिहून ठेवा.

फेब्रुवारीत वळिवाची चिंता नाही, पण हेच काम एप्रिल-मेच्या जत्रेत आलं तर ट्रसवाल्याकडून वाऱ्याची मर्यादा लिहून घ्या आणि टॉप खाली उतरवायला किती मिनिटं लागतात ते एकदा करून बघा. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर स्टेज रिकामं करा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. तेव्हा "पाच मिनिटं चालू ठेवा की वो" म्हणणारे चार जण येतील. हा निर्णय कुणाचा, ते आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

तुमच्या कानांचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये श्रोत्यांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा ठरवली. मी मिक्सरजवळ ९५ च्या आसपास धरतो आणि कलाकार बदलताना प्लग घालतो. दोन रात्री जागून तिसऱ्या दिवशी ट्रक स्वतः चालवू नका, चोरल्याचा घाट झोपेत उतरायचा नसतो. ड्रायव्हरचे पैसे अंदाजपत्रकातच धरा.

काम घ्यावं का, तर घ्या. फक्त भाड्याच्या सिस्टीमला ॲडव्हान्स द्यायच्या आत आयोजकाकडून कागदावर घ्या: स्टेजची दिशा, साउंडला स्वतंत्र जनरेटर, आवाज बंद करायची वेळ आणि परवानगीची प्रत, आदल्या संध्याकाळपासून मैदान ताब्यात, मिक्सरला मांडव आणि बॅरिकेड, हेल्परांचं जेवण, निम्मे पैसे आधी. यातला जनरेटर आणि आदली संध्याकाळ नाही म्हणाले, तर दोन रात्रींऐवजी एकच रात्र घ्या किंवा नाही म्हणा. बाकीच्यावर घासाघीस चालते.